रिकाम्या ट्रकांचा धाक

लोकांच्या घरात शिरायचं, त्यांची कपाटं उघडून आत डोकावायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असं काम मी वीसेक वर्षं केलं. माहेरी कोल्हापूरला मी असलं काही केलं असतं तर आईनं पाठीत धपाटा घातला असता. इथं न्यू जर्सीत त्याला ‘सर्व्हे’ म्हणतात. घर बदलायचं ठरलं की लोक सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन करतात. मग कंपनीचा माणूस येऊन माळ्यापासून तळघरापर्यंत सगळं बघतो आणि सांगतो, ट्रक किती लागतील, माणसं किती लागतील, पियानो जिन्यावरून उतरेल की खिडकीतून काढावा लागेल. आमच्या कंपनीत तो माणूस म्हणजे मी. गुडघ्यांनी जिने चढायला साफ नकार दिला तेव्हा ते काम सोडलं.

या कामानं मला पहिल्याच महिन्यात शिकवलं, की आपल्याकडे किती सामान आहे हे जगात कुणालाच माहीत नसतं. त्यात आपली माणसं सगळ्यांत थोर. एडिसनमधलं एक मराठी कुटुंब व्हर्जिनियाला, अ‍ॅशबर्नला निघालं होतं. नवरा दारातच म्हणाला, “काही नाही हो मावशी, टू बेडरूमचं सामान. छोटा ट्रक बास.” मी गॅरेजचं दार वर केलं. आत गणपतीचं मखर, त्याच्या आदल्या वर्षीचं मखर, दोन पाटे, एक वरवंटा, आणि श्रीखंडाचे रिकामे डबे इतके की तेवढ्यावर ओक ट्री रोडच्या देशी बाजारात दुकान निघालं असतं.

“हे टाकायचं ना?” मी विचारलं.

“मावशी, चांगले डबे आहेत हो,” बायको कळवळून म्हणाली.

डबे अ‍ॅशबर्नला गेले. मोठ्या ट्रकनं गेले.

दुसरी गोष्ट कळायला जरा वेळ लागला. सर्व्हेला बोलावणारा प्रत्येक जण जाणार असतोच असं नाही. एका अमेरिकन बाईनं मला खोलीखोलीतून फिरवलं. “हा सोफा जाणार! हा टीव्ही जाणार!” असं ती गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती. नवरा त्याच सोफ्यावर फोन बघत बसला होता. मी टेप लावायला वाकले तेव्हा त्यानं तेवढे पाय वर घेतले. शेवटी मी विचारलं, “तारीख काय धरू?” बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तारीख... बघू.” मी टेप पिशवीत टाकली. खरंच जाणाऱ्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो तारीख सांगतो. तारीख नसली की समजायचं, हा सर्व्हे सामानाचा नाही, भांडणाचा आहे.

एवढ्या शिदोरीवर मी एका हॉकी संघाच्या मालकापर्यंत जाऊन पोचले.

एडिसनपासून तासाभरावर एक मध्यम गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून माझी ऊठबस आहे. त्या गावाचा बर्फावर खेळायच्या हॉकीचा संघ आहे. फार मोठा नाही, टीव्हीवर क्वचित दिसणारा, पण गावाचा जीव की प्राण. मात्र इकडं ‘गावाचा संघ’ म्हणजे गावाचा नसतोच. तो एका मालकाचा असतो, किराणा दुकान असावं तसा. स्टेडियम तेवढं गावाचं. मालकाला वाटलं तर तो चटई गुंडाळावी तसा संघ गुंडाळून दुसऱ्या गावाला नेऊ शकतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसेना. कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ उचलून कुणी सांगलीला नेऊन दाखवावा. नेणारा पुन्हा पंचगंगेच्या अलीकडं दिसायचा नाही.

मालकाचं नाव टिम हॅल्डन. पन्नाशीचा, दात फार पांढरे. त्याला नवं स्टेडियम हवं होतं आणि ते गावानं करांच्या पैशातून बांधून द्यावं अशी त्याची इच्छा होती. जुन्याचं छप्पर गळत होतं हे खरं. पण नव्यात त्याला श्रीमंतांसाठी काचेच्या खोल्या हव्या होत्या. नगरपालिका होय म्हणेना आणि नाहीही म्हणेना. ऑगस्टच्या एका दुपारी त्यानं मला स्टेडियमवर बोलावलं. म्हणाला, “सगळं पेनसिल्व्हेनियाला हलवायचंय. सर्व्हे कर.”

माझं नाव सुमन. इथं त्याचं ‘सू’ होतं. कोर्टात खेचण्यालाही हे लोक तेच म्हणतात, त्यामुळे माझं नाव ऐकून वकील तेवढे खूश होतात.

मी मन लावून सर्व्हे केला. खेळाडूंची कपाटं, गणवेश धुवायची राक्षसी यंत्रं, स्केटच्या पात्यांना धार लावायचं मशीन, पॉपकॉर्नचं मशीन, आणि एक चषक, ज्यात कुणीतरी चाव्या ठेवल्या होत्या. सगळं झाल्यावर नेहमीचा प्रश्न विचारला. “तारीख?”

“तारखेचं आपण लवचीक ठेवू,” हॅल्डन म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढं तो सोफ्यावरचा नवरा पाय वर घेऊन उभा राहिला.

आठवड्यानं त्याचा फोन आला. सोमवारी सकाळी चार ट्रक हवेत. स्टेडियमच्या मोठ्या दारापुढं, रस्त्यावरून दिसतील असे.

“काय भरायचं?”

“काही नाही. नुसते उभे करायचे. मागची दारं उघडी दिसली तर छानच.”

त्याच दिवशी पालिकेची सभा होती हे मला मागाहून कळलं. मी आमच्या मालकाला, म्हाताऱ्या सॅलला विचारलं, की असलं काम आपण घेतो का? सॅल म्हणाला, “सू, ट्रक चालला काय आणि उभा राहिला काय, भाडं तेच. उलट डिझेल वाचतं.”

अडचण आली डॅरिलची. डॅरिल हा आमचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. फ्रिज एकटा पाठीवर घेणारा गडी. त्याचं बालपण त्या गावात गेलेलं. बापाच्या खांद्यावर बसून त्यानं मॅचेस पाहिल्या होत्या, आणि दंडावर संघाचं चिन्ह गोंदवलं होतं. तो म्हणाला, “मी नाही येणार. उद्या पोरांना काय सांगू, संघ मी नेला म्हणून?”

“अरे बाबा, काही न्यायचं नाहीये. नुसतं उभं राहायचंय.”

“मग लोकांना तसं सांगू?”

इथं पंचाईत होती. गिऱ्हाइकाच्या कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही हा आमच्या धंद्याचा धर्म. डॅरिल आला, पण लांब बाह्यांचा शर्ट घालून आला. ऑगस्टमध्ये.

ट्रक दिसल्यावर तासाभरात गाव लोटलं. पाट्या घेतलेली माणसं, स्ट्रोलरमधली बाळं, टीव्हीवाले. कोल्हापूर असतं तर पहिल्या पाच मिनिटांत चाकांतली हवा गेली असती. हे लोक डोनट घेऊन आले! आमच्या पोरांना खाऊ घातलं तर ती सामान जरा सावकाश भरतील, अशी त्यांची भाबडी समजूत. पोरं खात होती आणि भरायला काही नव्हतंच. एक आजोबा येऊन डॅरिलच्या ट्रकच्या चाकापुढं आडवे झाले. ट्रकची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, तो कुठंही जाणार नव्हता. पण हे सांगायचं कसं? डॅरिलनं आतून फर्निचरला गुंडाळायचं जाड ब्लँकेट आणलं आणि आजोबांच्या पाठीखाली घातलं. टीव्हीवर ते दृश्य दिवसभर दाखवत होते.

दुपारी हॅल्डन माझ्याजवळ आला. “सू, संध्याकाळच्या सभेला ये. कंपनीचं ते नारिंगी जाकीट घाल. पुढच्या रांगेत बस. बोलायचं काही नाही.”

मी घरी फोन करून हे सांगितलं, उशीर होईल म्हणाले. आमच्या ह्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे करवलीसारखं?”

सभागृह खचाखच भरलं होतं. हॅल्डन उभा राहिला. गावावर त्याचं किती प्रेम आहे, वडिलांनी हा संघ कसा उभा केला, जाताना काळजाचे कसे तुकडे होताहेत, सगळं त्यानं सांगितलं. शेवटी आवाज जड करून म्हणाला, “पण मित्रहो, ट्रक दारात उभे आहेत.” मागं कुणीतरी हुंदका दिला. वळून पाहिलं तर डॅरिल! खरं सांगते, क्षणभर मीही पर्समध्ये रुमाल शोधला, आणि मग आठवलं, ट्रक आपलेच आहेत.

पालिकेच्या सदस्यांत मिसेस ओर्टिझ म्हणून एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“नारिंगी जाकिटातल्या बाई, आपण कोण?”

मी उठून सांगितलं.

“संघ कधी हलवताय?”

मी हॅल्डनकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. हो म्हणावं तर खोटं, आणि गप्प बसावं तर तेही खोटंच. मनात सॅलचा चेहरा आला, हातचं काम जाईल याची भीती वाटली. पण मुख्याध्यापिका असं थेट बघायला लागली की माणूस सातवीत जातो.

“मॅडम, मला तारीख दिलेली नाही. मी विचारली होती.”

“आणि ट्रकांत आत्ता काय भरलंय?”

“गिऱ्हाइकाच्या सामानाबद्दल आम्हाला बोलता येत नाही,” मी म्हटलं. “पण ट्रकांत गिऱ्हाइकाचं काही नाहीच. ब्लँकेटं आहेत. ती आमची आहेत.”

आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह. माझा हेतू हसवायचा नव्हता. हॅल्डनचा चेहरा बिटासारखा झाला. तो ताडकन उठला आणि ओरडला, “शुक्रवार! शुक्रवारी सकाळी निघतोय आम्ही!”

“छान,” मिसेस ओर्टिझ म्हणाल्या. “मग नव्या स्टेडियमचा ठराव बाजूला ठेवू. निरोप द्यायला आम्ही येऊच.”

आता गंमत अशी, की रागात काढलेली असली तरी ती तारीख होती. आणि तारीख मिळाली की माझं काम सुरू होतं. जिथं माल उतरवायचा तिथं आधी फोन करायचा, ट्रक दारापर्यंत जातो का ते विचारायचं, हा आमचा रिवाज. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावाच्या कचेरीत मी फोन लावला. एक वयस्क गृहस्थ बोलत होते.

“जागा आहे की हायवेला. पण बाई, तिथं सध्या मका आहे.”

“मका?”

“उभा मका. कापणी व्हायचीय. तुमचे मिस्टर हॅल्डन म्हणाले होते, आधी आम्ही स्टेडियम बांधायचं, मग ते येणार. आम्ही कुठून बांधणार? पाटी मात्र लावलीय. ‘सुस्वागतम्’. शाळेतल्या पोरांनी रंगवली.”

मी हॅल्डनला फोन केला. “मिस्टर हॅल्डन, तिथं मका आहे.”

तो म्हणाला, “माहीत आहे.” इतक्या दिवसांत त्या माणसाचा तो पहिला साधा आवाज मी ऐकला.

“मग माल कुठं उतरवू?”

“नुसते फिरत राहिलात तर? दोनतीन दिवस?”

“कागदावर पत्ता लागतो. त्याशिवाय ट्रक हलत नाही.”

“माझ्या आईकडे उतरवा. घरामागं तिचं मोठं कोठार आहे.”

“आईंना विचारलंय?”

“शुक्रवारी सकाळी ती केस सेट करायला जाते,” तो म्हणाला. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मी समजले.

शुक्रवारी खरंच सामान भरलं. अख्खं गाव फुटपाथवर उभं होतं, अंत्ययात्रेला उभं राहावं तसं. या वेळी डोनट नव्हते. खेळाडू पोरं बॅगा घेऊन कडेला उभी. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. गोलकीपर माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “मॅम, सोमवारी प्रॅक्टिस कुठं?” मी त्याला काय सांगणार, मक्यात? सर्वांत शेवटी संघाच्या सोंगाचा पोशाख आला. मॅचच्या मधे लोकांना हसवणारं ते सोंग मूसचं होतं. सांबरासारखा पण हत्तीच्या बेतानं वाढलेला हा प्राणी न्यू जर्सीत औषधालाही सापडत नाही. पण संघाला तोच आवडला होता. त्याच्या डोक्याची शिंगं एवढी, की कुठल्याच खोक्यात मावेनात. डॅरिलनं ते डोकं ब्लँकेटात गुंडाळून आपल्या शेजारच्या सीटवर ठेवलं. तो डोळे पुसत होता, आणि मीही मदतीच्या निमित्तानं तोंड फिरवून उभी राहिले.

ट्रक निघाले. मागोमाग गावाच्या गाड्या. राज्याच्या सीमेपर्यंत पोचवून यायचं त्यांनी ठरवलं होतं. हॉर्न वाजताहेत, झेंडे फडकताहेत, बायका रडताहेत. आणि तिसऱ्या सिग्नलला आमचा ट्रक डावीकडं वळला. हायवे उजवीकडं होता. मागचे हॉर्न थांबले. जरा वेळानं सगळी मिरवणूक घुटमळत आमच्यामागं डावीकडं वळली, आणि पाचेक मिनिटांत चार ट्रक आणि अर्धं गाव थोरल्या मिसेस हॅल्डनच्या अंगणापुढं येऊन थांबलं.

म्हातारी दारातच उभी होती. ऐंशीच्या पुढची, हातात काठी, डोक्याला रोलर. केस सेट करणारी पोरगीच निरोप द्यायला स्टेडियमवर गेली होती, म्हणून पार्लर बंद. मागच्या गाडीतून हॅल्डन उतरला.

“टिमी,” ती म्हणाली, “हे काय आहे?”

“थोडे दिवस फक्त, मॉम.”

ती काठी टेकत फळीवरून सरळ ट्रकमध्ये चढली. आत सगळं निरखून पाहिलं. मग वळून म्हणाली, “ख्रिसमसनंतर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. फोन केला तर मीटिंगमध्ये असतोस. आणि आज आलास तो पॉपकॉर्नचं मशीन घेऊन?”

हॅल्डन पन्नाशीचा वाटेना, शाळकरी पोर वाटायला लागला.

“मला जावं लागत होतं, मॉम. ते ऐकतच नव्हते.”

“जायचं होतं तर गेला असतास. तू माझ्या कोठारापर्यंत आलास.” तिनं गर्दीत मिसेस ओर्टिझना बरोबर हेरलं. “तुम्ही आत या. टिमी, तूही. पाय पुसून.”

स्वयंपाकघराचं दार लागलं. बाहेर आम्ही सगळे हिरवळीवर. काय करावं कुणालाच सुचेना. शेवटी डॅरिलनं पॉपकॉर्नचं मशीन उतरवून कोठारातल्या प्लगला लावलं आणि गावानं संघाची वाट बघत पॉपकॉर्न खाल्ले.

तासाभरानं तिघं बाहेर आली. स्टेडियम गावाचं, म्हणून छप्पर गाव दुरुस्त करणार. काचेच्या खोल्या हव्या असतील तर त्या हॅल्डन स्वतःच्या खिशातून बांधणार. आणि संघ जागेवर राहणार. पुढं वकील आले, सभा झाल्या, कुरबुरी झाल्या. छपराच्या खर्चासाठी लायब्ररी रविवारी बंद ठेवावी लागली, ते मला आजही बरं वाटत नाही. पण गोष्ट मिटली ती त्या स्वयंपाकघरातच.

मला रुखरुख लागली ती त्या मक्याच्या गावाची. त्यांना कुणीच कळवलं नव्हतं. शनिवारी मीच त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं, की संघ येत नाहीये. ते म्हणाले, “असो. मका बरा आलाय यंदा.”

रविवारी सामान परत स्टेडियमला नेलं. या खेपेला एकही टीव्हीवाला आला नाही. गावकऱ्यांनी हातोहात ट्रक रिकामे केले. चाकाखाली झोपलेल्या आजोबांनी तो चषक स्वतः आत नेला. सगळं जागच्या जागी लागल्यावर लक्षात आलं, मूसचं डोकं नाही. डॅरिल गांगरला. आम्ही हॅल्डनला घेऊन परत म्हातारीकडे गेलो. डोकं तिच्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसवलेलं, शिंगांवर तिची टोपी अडकवलेली.

“हे इथंच राहणार,” ती म्हणाली.

“मॉम, सीझन सुरू होतोय,” हॅल्डन गयावया करत म्हणाला.

“मॅचच्या दिवशी येऊन घेऊन जा. मॅच झाली की आणून ठेव. हे डोकं माझ्या सोफ्यावर आहे तोवर तू कुठं जात नाहीस.”

सॅलनं मला कामावरून काढलं नाही. उभं राहायचं काम गेलं तरी जायचं आणि यायचं अशी दोन भाडी मिळाली होती. तो माझ्यावर खूशच होता.

गेल्या हिवाळ्यात मी आणि आमचे हे त्या गावात सिग्नलला उभे होतो. शेजारी हॅल्डनची गाडी येऊन थांबली. बाजूच्या सीटवर मूसचं डोकं, पट्टा लावून बसवलेलं, एक शिंग काचेला टेकलेलं. मी काच खाली केली. त्यानंही केली.

“कसे आहात, मिस्टर हॅल्डन? मॅच जिंकली का?”

“हरलो,” तो म्हणाला. नजर सिग्नलवर. “मागाहून बोलू, सू. मॉम जेवायची थांबलीय.”